पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची

१

शनिवारी माझी पहिली पाळी असायची. तीनचा भोंगा झाला की मी पिंपरीच्या औषध कारखान्यातून सायकल हाणत भोसरीला घरी यायचो, न्हाव्याकडून दाढी करून घ्यायचो, पांढरा फेटा बांधायचो, खांद्यावर जरीकाठी उपरणं टाकायचो आणि कासारवाडीला सायकल ठेवून गाडीनं पुण्याला जायचो. पुण्यातल्या थेटरात सोजराबाईंची बारी असायची. एकामागून एक पार्ट्या यायच्या, लावण्या म्हणायच्या आणि जायच्या, पण मी जायचो ते एका सोजराबाईंसाठी. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी खुर्ची माझी. तीन वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही.

नोट वर धरली की सोजराबाई नाचत पुढं यायच्या, नोट घ्यायच्या, वाकून मुजरा करायच्या, आणि पेटीवाला मोठ्यानं पुकारायचा, "चिमाजीराव भोसरीकर यांच्याकडून पाच रुपये!" खरं सांगतो, मी तिथं गाण्यासाठी जात नव्हतो. त्या पुकाऱ्यासाठी जात होतो. भोसरीत मला चिमाजीराव कोण म्हणतंय? तिथं मी चिम्या. त्या पुकाऱ्यात आधी पगार गेला, मग म्हैस गेली, आणि छप्पन सालच्या चैत्रात शालनच्या पाटल्या गेल्या. त्याच दिवशी शालन माहेरी चिखलीला निघून गेली.

माझी बायको भांडणारी नाही. भांडली असती तर मी आठ दिवसांत समजूत काढली असती. ती गुपचूप गेली, आणि घर इतकं सुनं झालं की मला रडू आलं. अडीच महिन्यांनी नाक मुठीत धरून चिखलीला गेलो. दारात मेहुणा उभा, हिंदुराव. एकेकाळचा पैलवान. त्यानं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"दाजी, लोक चातुर्मासात कांदा सोडत्यात, वांगं सोडत्यात. तुमी थेटर सोडा," तो म्हणाला. "आषाढी एकादशीपासनं कार्तिकीपत्तर. एक डाव जरी पायरी चढला, तर शालन परत हितं. आन् मग कायमची."

मी कबूल केलं. मात्र एकादशीच्या आधीच्या शनिवारी शेवटचं म्हणून गेलो, आणि निघताना खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या खुर्चीवर अंथरलं. "चार महिनं जागा राखा," असं मॅनेजरला सांगितलं. आमच्याकडं हा रिवाजच आहे. लग्नाची पंगत असो, कीर्तन असो, नाहीतर एसटी असो, कापड टाकलं की जागा धरली. ते कापड दुसरा कुणी उचलत नाही, ज्यानं टाकलं त्यानंच उचलायचं. मॅनेजर हसला. सोजराबाई हसल्या नाहीत. त्या पडद्याशी उभ्या राहून खुर्चीकडं बघत होत्या.

म्हणजे बघा, मी व्यसन सोडलंच नव्हतं. नुसती रजा टाकली होती.

२

शालन परत आली. पहिल्या शनिवारी संध्याकाळी मला काही सुचेना. दाढी केली नाही तरी हात गालावरून फिरत होता. शालननं ते ओळखलं आणि अंबाडीचा वाक पुढ्यात टाकला.

"दावी वळा. बैलांची झिजल्यात."

दावं वळायला दोन माणसं लागतात. एकानं टोक धरून पीळ द्यायचा, दुसऱ्यानं ताणून धरायचं. ओसरीच्या या टोकाला मी, त्या टोकाला ती, मध्ये कंदील. साडेदहापर्यंत आम्ही दोन दावी वळली. इतक्या वर्षांत बायकोशी मी सलग इतका वेळ बोललो नव्हतो. झोपताना मला स्वतःचा अभिमान वाटला.

सोमवारी कारखान्यात आबाजी भेटला. तो माझ्याच खात्यात, बारीचा शौकीन, पण खिसा पातळ म्हणून मागच्या बाकावर बसणारा.

"परवा लई रंगात व्हता गड्या," तो म्हणाला.

"कोण?"

"तू! आनि कोण? पाच-पाचच्या नोटा काय, वाहवा काय. मी मागनं हाळी दिली तर मान बी वळवली न्हाई. मोठा माणूस झालास."

मी हसलो. मी घरी दावी वळत होतो म्हटलं, तर तो माझ्यापेक्षा मोठ्यानं हसला. "बायकूला सांग ह्ये," म्हणाला आणि कामाला लागला.

पुण्यात पांढऱ्या फेट्यांचा काय दुष्काळ आहे? आबाजी मागून बघत होता. पाठ, फेटा आणि खांदा, एवढ्यावर माणूस ओळखायचा म्हटला तर निम्मा मावळ चिमाजी निघेल. कुणीतरी माझं उपरणं सरकवून तिथं बसला असणार. मला त्याचा रागही आला, की मॅनेजर एवढी साधी जागा राखू शकत नाही.

पण नाव कुणाचं पुकारलं, हे विचारायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही. की मी मुद्दाम विचारलं नाही, ते आता सांगता येत नाही.

३

श्रावणात रविवारी सकाळी माझा घसा बसायला लागला. रात्रभर ओरडल्यासारखा. म्हटलं, हवा दमट आहे. तळहात लाल दिसायचे. म्हटलं, दावी वळतोय, होणारच. खुंटीवरच्या सदऱ्याला हिन्याच्या अत्तराचा वास यायला लागला. म्हटलं, जुना वास आहे, ओलीनं वर आला असेल. माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं. कारखान्यात बॉयलर सांभाळणारा माणूस मी, काटा का हलला ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या शनिवारी आम्ही असेच समोरासमोर बसलो होतो. नऊ वाजून गेले होते. शालननं दावं ढिलं सोडलं आणि म्हणाली, "अहो, तुमचा पाय."

माझा उजवा पाय ताल धरत होता. जमिनीवर टाच, मग चवडा, मग टाच. मी थांबवला. पीळ द्यायला लागलो तर पुन्हा सुरू. ताल चुकत नव्हता. मध्येच द्रुत व्हायचा, मध्येच थांबायचा, आणि थांबला की माझा उजवा हात आपोआप थोडा वर उचलला जायचा. नोट धरायला उचलायचो तसा.

"सवय हाय," मी म्हणालो.

"तीन आठवडं झालं बगतीया मी. बरोबर नवाला सुरू हुतो, साडेनवाला बंद." तिनं कंदिलाची वात मोठी केली. "तवा तितं तिचीच बारी असती न्हवं?"

नऊ ते साडेनऊ सोजराबाईंचीच बारी असायची. मला भीती वाटली, आणि ती भीती मी पहिल्यांदाच मान्य केली.

४

भाद्रपदात एका रविवारी सकाळीच हिंदुराव आला. आला तो थेट माझ्या गळपट्टीला हात घालून.

"काल थेटरात कोण बसलं व्हतं?"

"मी घरी होतो."

"मी माझ्या डोळ्यानं बघितलं! तुमच्या त्या आबाजीनं सांगितलं म्हणून गेलो, त्याच्याच बाजूला बाकावर बसून बघितलं. पहिली रांग, तिसरी खुर्ची. आन् पेटीवाल्यानं नाव पुकारलं, चिमाजीराव भोसरीकर यांच्याकडून पाच रुपये! समदं थेटर ऐकत व्हतं."

आतून शालन आली. पिठाचे हात तसेच. "दादा, सोड त्यांना. काल रात्री दावं वळत व्हते ते. एक टोक माझ्या हातात व्हतं."

"तू नवऱ्यापायी खोटं बोलाया लागलीस?"

"मी तुज्याशी कदी खोटं बोललीया?"

हिंदुरावानं माझी गळपट्टी सोडली, पण डोळे सोडले नाहीत. "फुडच्या शनवारी मी बारी बगत न्हाई. मी दारात उभा ऱ्हातो. आत जाताना धरतो."

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. या वेळी त्यानं मला हात लावला नाही. ओसरीच्या कडेला बसला, पाणी मागितलं, आणि तांब्या हातात धरूनच बोलायला लागला.

"पाचापासनं दारात व्हतो. त्या थेटराला बारी बगायला येणाऱ्या माणसांना जायाला एकच दार. एकूण एक माणूस माझ्याम्होरनं गेला. त्यात दाजी नव्हतं." त्यानं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "नवाला नाव पुकारलं. मी आत डोकावलं. खुर्चीवर बसल्याला."

"मग?" शालननं विचारलं.

"मग दार धरून उभा ऱ्हायलो. शेवटची बारी संपली. समदी माणसं भाईर आली. दिवं मालवलं. दाराला कुलूप घातलं." त्यानं तांब्या खाली ठेवला. पाणी प्यायला नव्हता. "तो काय भाईर आला न्हाई."

गोठ्यात बैलानं शेपटी आपटली. मग हिंदुराव उठला.

"ह्ये काय हाय ते मला कळत न्हाई, आन् कळून घ्यायाचं बी न्हाई. माझी भन असल्या घरात ऱ्हानार न्हाई. कार्तिकीला मी गाडी जुपून येतो, दाजी. तवर ह्ये मिटलं तर ठीक, न्हाईतर तिला घिऊन जातो. आन् मिटवायच्या नावानं थेटरात पाय टाकला, तर त्याच दिवशी नेतो."

म्हणजे तिकडं आड, इकडं विहीर. आणि मधल्या काठावर माझा संसार.

५

त्यानंतर शालन माझ्याकडं बघायला लागली. मी जेवताना, फेटा बांधताना, बैलांना वैरण टाकताना. तोंडानं काही नाही. पण शनिवारी रात्री कंदील मालवू द्यायची नाही.

नवरात्रात एकदा भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "एक विचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचार."

"तुमी तीन महिनं झालं येळेवर घरी येता. पगार आनून हातात देता. मी बोलते ते आयकता. भाजीला मीठ कमी पडलं तरी गप खाता." तिनं खाली बघितलं. "मी लगीन करून आले त्या मानसाला मी वळखते. तो असा न्हवता. तो शनवारी त्या खुर्चीवरच असायचा."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"मला वाटतं, ते तितंच हायेत. आन् हितं कोन जेवतंय ते मला ठावं न्हाई."

मी हसणार होतो. बायको नवरा सुधारला म्हणून घाबरते, ही गोष्ट आबाजीला सांगितली असती तर तो महिनाभर पुरवून पुरवून हसला असता. पण हसू आलं नाही. घास तोंडात फिरायला लागला.

त्या रात्री मी भिंतीवरचा आरसा काढून कंदिलाशी धरला. हनुवटीवरचा व्रण होता. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. सगळं जागेवर होतं. पण एका गोष्टीचं उत्तर मला काढता येईना. तीन वर्षं मी ज्याला मी म्हणत होतो, जो पुकाऱ्यानं फुगायचा, जो बायकोच्या हातातल्या पाटल्या काढून घेताना तिच्याकडं बघत नव्हता, तो कुठं गेला? मला तो आपल्यात सापडेना. ताल धरायला पाय तेवढा शिल्लक होता. आठवून बघितलं, तर ते उपरणं अंथरून मी थेटराबाहेर पडलो तेव्हा मला किती हलकं वाटलं होतं! मी त्याला शहाणपण समजलो होतो.

मी अंथरुणावर पडलो, पण झोप लागली नाही. पलीकडं शालनही जागीच होती. दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत होतो.

६

दिवाळी झाली. कार्तिकीला सहा दिवस उरले होते. दुपारच्या सुट्टीत फाटकावरचा पहारेकरी सांगत आला, तुला एक बाई विचारतेय.

फाटकाबाहेर बाभळीच्या सावलीत सोजराबाई उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, तोंडाला रंग नाही. दिवसाउजेडी मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. चांगल्या पंचेचाळिशीच्या होत्या. त्या जवळ आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडाकडं इतकं निरखून बघितलं की मला अवघडल्यासारखं झालं. मग त्या मटकन दगडावर बसल्या.

"हाय," म्हणाल्या. "तुमचं तोंड हाय की तसंच."

"का? नसायला काय झालं?"

त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "चिमाजीराव, वीस वर्सं नाचतीया. मागच्या बाकावरनं समद्यांना तुमची पाठ दिसती. तोंड मला एकटीला दिसतं. आता मी त्या अंगाला जात न्हाई. नोट वर झाली तरी जात न्हाई. पेटीवाला खाली बगून नाव पुकारतो."

"मी येत नाही हो तिथं! शपथेवर सांगतो."

"ठावं हाय मला. म्हनून तर आले." त्यांनी पदर सारखा केला. "तुमी जागा धरून गेला. जायाचं व्हतं तर सोडून जायाचं. आमच्यात धरलेली जागा कुनी मोडत न्हाई. मॅनेजरनं दोन डाव उपरनं काडायला मानूस धाडला. दोनी डाव त्यो मानूस हात न लावता माघारी आला, आन् काम सोडून गेला. जागा तुमचीच. तुमच्या हातानं सोडायला पायजे."

"मी आलो तर माझी बायको जाते."

"आन् न्हाई आला तर?" त्या उठल्या. "पयल्या म्हयन्यात त्यो नुसता बसायचा. आता बारी संपली की उटायला बगतो. उटला तर कुटं जाईल? मला वाटतं, घरीच जाईल."

मला भर दुपारी थंडी वाजली.

"शनवारी दोन वाजता मागलं दार उघडं ठेवते. तवा आत कुनी नसतं," एवढं सांगून त्या रस्त्याला लागल्या.

७

मी शालनपासून काही लपवलं नाही. तीन वर्षं लपवून जे मिळवलं होतं ते समोर दिसतच होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली, आणि विचारलं, "दादानं अट कुनासाठी घातली?"

"तुझ्यासाठी."

"मग मी संगं आल्यावर ती मोडती कशी?"

चांगल्या घरची बाई, थेटरात! सालातनं एकदा जत्रेला जाणारी, पुणं दोनदा पाहिलेली. "लोक काय म्हणतील?" मी म्हणालो.

"लोक माझ्याकडं भाकरी मागाया येनार न्हाईत. घरी यायला निगालाय त्यो येनार हाय." तिनं भाकरी काढून माझ्या ताटात टाकली. "मला बी एक डाव बगायचंच हाय, पाटल्या कुटं गेल्या त्ये."

आपल्या बायकोच्या पाया पडावं असं मला त्या क्षणी वाटलं. पडलो नाही, पण वाटलं.

८

शनिवारी पाळी बुडवून, मागच्या दारातून आत शिरलो तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. आत काही दिसेना. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे बारीक कवडसे खाली आले होते, त्यांत धूळ तरंगत होती. शिळ्या विड्यांचा आणि सुकल्या मोगऱ्याचा वास. सोजराबाई दाराशीच थांबल्या. शालननं माझं मनगट घट्ट धरलं.

डोळे सरावले तशा रांगा दिसायला लागल्या. आधी बाक, मग खुर्च्या. पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीच्या पाठीच्या वर पांढरा फेटा आणि दोन खांदे दिसत होते.

कुणीतरी दुपारी झोपायला येऊन बसलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. मला अजूनही कारण हवं होतं.

आम्ही पुढं निघालो. जमीन लाकडी, प्रत्येक पावलाला वाजत होती. पाचव्या रांगेशी आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझं पाऊल ताल धरून पडतंय. टाच, चवडा, टाच. खुर्चीखाली एक पाय त्याच तालावर हलत होता.

दुसऱ्या रांगेशी आम्ही थांबलो. उपरण्याचं जरीचं टोक खुर्चीवरून खाली लोंबत होतं. हात लांब केला असता तर पोचला असता. मी 'ऊठ' म्हणायला तोंड उघडलं, पण घशातून आवाज आला नाही. खुर्चीवरून मात्र कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं माझं होतं. दारात आल्यावर शालनला कळावं म्हणून मी रोज खाकरतो, तसंच.

शालनच्या बोटांना घाम फुटला होता. तरी ती ठाम आवाजात म्हणाली, "अहो, घरी चला."

खुर्चीच्या हातांवर दोन तळवे टेकले. लालबुंद. खांदे वर येऊ लागले, अगदी सावकाश, फार वेळ बसलेलं माणूस उठतं तसे. आणि मी एक पाऊल पुढं टाकलं. टाकायचं नव्हतं, पण पडलं. दुसरं पडलं. मला एवढंच कळत होतं की ती जागा रिकामी होतेय आणि रिकामी जागा मला बघवत नाही. पाय दुखत होते. बसावंसं वाटत होतं. फेटा हळूहळू आमच्याकडं वळायला लागला होता.

"चिमाजी!"

आमच्या गावात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते तेवढंच, तेही लाजत, मान खाली घालून. शालननं ते शेताच्या बांधावरून हाक मारावी तसं घेतलं, सगळं थेटर घुमलं. मागं राव नाही, पुढं काही नाही. तीन वर्षं ज्या नावासाठी मी घर विकत होतो, ते नाव इतकं उघडं, इतकं माझं, मी कधी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"चिमाजी माझ्यासंगं हाय," ती खुर्चीकडं बघून म्हणाली. तिचा आवाज आता कापत होता, पण ती बघत होती. मी नव्हतो बघत, माझी नजर जरीच्या टोकावर होती. "तुमी बसा."

खांदे अर्ध्यातच थांबले.

माझा आवाज मला परत मिळाला. "मी जागा सोडली!" मी ओरडलो, खाली वाकून उपरण्याचं टोक धरलं आणि ओढलं. वाटलं होतं अडकेल. ते सहज आलं, वर काहीच नसल्यासारखं. हातात घेतलं तर ऊबदार होतं.

मी वर बघितलं. खुर्ची रिकामी होती. वेताची बैठक मात्र खोलगट झाली होती आणि हळूहळू, करकरत, वर येत होती.

९

उपरणं सोजराबाईंनी माझ्या हातातून चिमट्यानं घेतलं आणि मागच्या चुलीत सारलं. मग शालनच्या पायाला हात लावला. शालन संकोचली, पण मागं सरली नाही.

मागच्या बोळातून पळ काढावा असं मी सुचवलं. शालन म्हणाली, चोरी केलीया का? आणि थेटराच्या पुढच्या दारानं, भर उन्हात, रस्त्यावर आली. समोरच्या चहाच्या दुकानात हिंदुराव शनिवारचा पहारा देत बसला होता. थेटरातून आपली सख्खी बहीण ताठ मानेनं बाहेर येतेय आणि मागून दाजी येतोय, हे बघून त्याच्या हातातली बशी तशीच राहिली. असा पैलवान चीत झालेला मी जन्मात पाहिला नाही.

"दादा, मिटलं," शालन म्हणाली. "कार्तिकीला गाडी जुपू नको. आता आमाला चहा पाज."

त्यानं पाजला. भजीही मागवली. काय झालं ते विचारलं नाही. फक्त माझ्याकडं दोन-तीनदा बघितलं, आणि शेवटी माझ्या पाठीवर थाप मारली ती अशी, की भजं घशात अडकलं.

परतीच्या गाडीत मी आणि शालन खिडकीशी समोरासमोर बसलो. खडकी गेलं. माझा पाय गप्प होता. छाती अशी भरून आली होती की कुस्ती मारल्यासारखं वाटत होतं, आणि खरं तर कुस्ती मारली होती तिनं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "तू म्हणत होतीस, खरा तिकडं आहे. मग आज तुला कसं कळलं, की खरा मी हा?"

ती खिडकीबाहेर बघत होती. वाऱ्यानं उडणारा पदर तिनं सावरला.

"कळलं कुटं?" ती म्हणाली. "ज्याचा हात धरला व्हता, त्याला घिऊन आले."

मी मोठ्यानं हसलो. डब्यातली माणसं वळून बघायला लागली. मग मी तिचा हात हातात घेतला, सगळ्यांदेखत, आणि कासारवाडी येईपर्यंत सोडला नाही.